एका छताखाली की वेगवेगळे थेरपिस्ट?

दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा दीड वर्षाचं चालत नाही, तर नागपुरात दोन वाटा आहेत.

पहिली सरकारी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं (२०१३) फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करतं आणि शंका आल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. रचनेनुसार तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवण तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक एकत्र असतात. फाइल एकच, सेवा मोफत. अडचण येते ती अंतराची. रामटेक किंवा उमरेडहून यायचं तर एका पालकाची दिवसाची मजुरी बुडते, म्हणून दोन-तीन खेपांनंतर येणं थांबतं. सगळ्या तपासण्या एकाच दिवशी मागून घ्या.

दुसरी वाट धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी क्लिनिकची. वेळ सोयीची मिळते, थेरपिस्ट सहसा तोच राहतो. पण स्पीचवाल्याला फिजिओ काय करतोय हे ठाऊक नसतं, निरोप्या आईच होते. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे श्रवणचाचणीआधीच स्पीच थेरपी सुरू करणं: ऐकूच येत नसेल तर महिने वाया जातात.

आमचं मत: निदान आणि आराखडा केंद्रातून घ्या, नियमित सत्रं घराजवळ. एकच वही ठेवा. त्यात तीन महिन्यांची दोनच उद्दिष्टं, ‘आधाराशिवाय पाच मिनिटं बसणं’ अशी मोजता येणारी. प्रत्येक थेरपिस्टने त्यातच लिहावं. कुरकुर करतील, करू द्या.