विशारदनंतर काय: एम.ए., अलंकार की नुसतं गाणं?

शास्त्रीय गाण्याच्या परीक्षांतल्या विशारद पूर्णचा निकाल लागला की घरात पेढे येतात, आणि पेढे संपायच्या आत प्रश्न येतो: आता पुढे? माझ्याकडे हा प्रश्न बहुधा जूनमध्ये, फोनवर, आईच्या आवाजात येतो. "मॅडम, हिला म्युझिकच्या एम.ए.ला घालू का अलंकारला बसवू?" मागे कुठेतरी मुलगी तानपुऱ्याचं ॲप लावून बसलेली ऐकू येते. तिला काय करायचंय हे अजून कोणी विचारलेलं नसतं.

मी तिन्ही वाटांवर थोडी थोडी चालले आहे. विशारदच्या वरची परीक्षा अलंकार, तिचं प्रथम दिलं, ते तिथेच सोडून एम.ए. केलं, आणि गुरूंकडे जाणं या सगळ्याच्या आधीपासून आजपर्यंत सुरू आहे. सध्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. तेव्हा माझे पूर्वग्रह आहेत, ते धरूनच वाचा. सगळ्यात मोठा आधीच सांगून टाकते: एम.ए. करून कोणी गवई होत नाही. ज्याला गवई व्हायचंय त्यानं आधी गुरू ठरवावा, मग त्या गुरूच्या गावात कुठलं विद्यापीठ आहे ते बघावं. बहुतेक घरांत हे नेमकं उलट होतं.

कागद म्हणून कोणाची किंमत किती

विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. १९३१ मध्ये ते गेले आणि त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या, त्यावर अलंकार प्रथम आणि अलंकार पूर्ण. गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या मराठी घरांना या नावांची ओळख करून द्यायला नको. मंडळाच्या परीक्षांना समाजात मान आहे, आणि विशारद किंवा अलंकारला काही ठिकाणी समकक्षताही मिळते. पण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) १९५६ च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठालाच आहे. म्हणून सहायक प्राध्यापकाच्या जाहिरातीत 'पदव्युत्तर पदवी, किमान ५५ टक्के, नेट किंवा सेट' (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) असं असतं तिथे अलंकारचं प्रमाणपत्र घेऊन वाद घालत बसावं लागतं. मी तो वाद दुसऱ्यांना घालताना पाहिलाय आणि म्हणूनच मुकाट्यानं एम.ए. केलं.

शाळेत शिकवायचं असेल तर मात्र एम.ए.ची घाई नको. केंद्रीय विद्यालयात प्राथमिक संगीतशिक्षकासाठी बारावी आणि संगीतातली पदवी लागते, पदव्युत्तर नव्हे. खासगी शाळा तर बऱ्याचदा विशारद आणि हार्मोनियमवर प्रार्थना बसवता येते का, एवढंच बघतात.

एक वाट फारशी कोणी सांगत नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत कलावंतांसाठी वेगळी तरतूद आहे. नामवंत गुरूकडे शिकलेला, आकाशवाणी किंवा दूरदर्शनचा 'ए' श्रेणीचा कलाकार, विषय तर्कशुद्ध समजावून सांगू शकणारा, असा असेल तर पदवीवरही सहायक प्राध्यापक होता येतं. पण आकाशवाणीवर बी, बी-हाय करत 'ए'पर्यंत पोचणं म्हणजे काय, ते ज्यानं ऑडिशन दिलीय त्याला विचारा. त्यापेक्षा नेट सोपी.

नेटचं सांगते. संगीताचा पेपर हिंदुस्थानी, कर्नाटक, रवींद्रसंगीत आणि तालवाद्य असा सगळ्यांना पोटात घेणारा आहे. नुसतं गाणाऱ्या मुलीला कर्नाटक संगीतातल्या त्यागराजांच्या कृतींवरचा प्रश्न अवघड जातो. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असतानाच ही परीक्षा देता येते, आणि तिच्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये हातात येतात. शास्त्रीय गाणाऱ्या पंचविशीतल्या मुलीला नियमित पैसे देणारं दुसरं फारसं काही मला माहीत नाही.

वर्गात खरं काय घडतं

वर्गात सात मुली आणि तीन मुलगे. मुलींचा षड्ज, म्हणजे सा, हार्मोनियमच्या काळी चारवर, मुलग्यांचा काळी एकवर. मुलींचा मध्यम तो मुलग्यांचा सा, म्हणजे एका तानपुऱ्यावर दोघांनाही मोकळं गाता येत नाही. मग एक दिवस मुलगे वर ताणतात, एक दिवस मुली खर्जात गुरगुरतात. विद्यापीठातल्या संगीतशिक्षणाची अडचण मला एका चित्रात सांगायची झाली तर ती ही. क्रमिक रागांची यादी लांब, सत्र छोटं. बिलासखानी तोडी तीन आठवड्यांत उरकायची, कारण पुढे मियाँ मल्हार वाट बघत असतो. माझ्या गुरूंनी पहिलं पाऊण वर्ष यमन सोडून काही गाऊ दिलं नव्हतं. दोन्ही अनुभव एकाच आठवड्यात घेतले की डोकं गरगरतं.

घराण्यांचा, म्हणजे गायकीच्या वेगवेगळ्या परंपरांचा, घोळ वेगळाच. घरी ग्वाल्हेरची तालीम, विभागात किराण्याच्या बाई, आणि बाहेरून आलेले परीक्षक जयपूरचे. "ही आलापी कुठून आणलीस?" हा प्रश्न मला दोन्हीकडे विचारला गेला. गुरूंना आधी विश्वासात घेतलं नाही तर इथे मनं दुखावतात. फॉर्म भरण्याआधी पेढा घेऊन जा आणि सांगा. लपवू नका, त्यांना गाण्यातून कळतंच.

मग एम.ए.त काय चांगलं? शास्त्र. शारंगदेवाचा 'संगीतरत्नाकर' तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारात लिहिला गेला, म्हणजे आज आपण ज्याला दौलताबाद म्हणतो तिथे. ही माहिती मला आधी गाइडमधल्या एका ओळीत मिळाली होती. एम.ए.ला त्यातल्या श्रुतींवर (सूक्ष्म स्वरांतरं), प्रबंधांवर (जुने गीतप्रकार) कितीतरी तास बोलणं झालं, आणि संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी दहा थाटांत (स्वरांच्या साच्यांत) राग बसवताना काय कमावलं, काय गमावलं यावर वर्गात कडाक्याचं भांडण झालं. असं भांडण क्लासमध्ये होत नाही, गुरूंसमोर तर नाहीच नाही. लघुप्रबंधासाठी मी जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून बंदिशींचे पाठभेद लिहून काढले. ऐकून लिहिण्याची ती सवय गाण्याच्या फार कामी आली. वरचं वाक्य, एम.ए.नं गवई होत नाही हे, इथे थोडं सैल करते.

सोबतीचंही मोल असतं. एकट्यानं रियाज करणाऱ्या मुलीला आपल्याच वयाचं कोणी तिहाई (तीनदा घेऊन समेवर यायचा तुकडा) चुकवताना दिसलं की हायसं वाटतं.

अलंकार

अलंकारची सगळ्यात मोठी सोय म्हणजे आयुष्य थांबवावं लागत नाही. नोकरी, संसार, लहान मूल सांभाळून, गावातल्या गुरूंकडे शिकत परीक्षा देता येते. एप्रिल-मे किंवा नोव्हेंबर-डिसेंबर अशी दोन सत्रं. रोजची हजेरी नाही, हॉस्टेल नाही. परीक्षा मात्र सोपी समजू नका. झुमरा तालातला विलंबित ख्याल, धमार दुगुन-तिगुन-चौगुन (दुप्पट, तिप्पट, चौपट लयीत), एकमेकांसारख्या वाटणाऱ्या समप्रकृतिक रागांतला फरक गाऊन दाखवणं. परीक्षक जाणकार असला तर घाम फुटतो. प्रत्यक्ष गाण्यापुरतं बोलायचं तर अलंकार नीट केलेली मुलगी सरासरी एम.ए.वाल्यापेक्षा मला तयार वाटते. कारण साधं आहे, तिच्यामागे एकच गुरू उभा असतो.

शास्त्राच्या पेपरांत मात्र गाइडं पाठ करून निभावता येतं, आणि बहुतेक जण तेच करतात. मीही केलं.

नुसतं गाणं

हा पर्याय बोलायला सोपा आहे. पंडितजी-विदुषींची चरित्रं ऐकून मुलं म्हणतात, पदवी हवी कशाला? गुरूच्या घरी राहून शिकायचं. तो काळ, ती घरं आणि ते आश्रयदाते आता नाहीत. ज्याच्या घरी वीस वर्षांचा पोरगा पाच वर्षं ठेवून घेता येईल असे गुरू मुंबई-पुण्याच्या फ्लॅटांत कुठून असणार?

जवळात जवळचा आधुनिक अवतार म्हणजे कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी. १९७७ पासून चालू आहे. निवड झाली तर गुरूंच्या सान्निध्यात आवारात राहायचं, वर शिष्यवृत्ती. गायक उल्हास कशाळकर तिथे अनेक वर्षं शिकवत आले आहेत, त्यामुळे मराठी मुलांची नजर तिकडे असतेच. जागा मोजक्या, ऑडिशन कडक. बाकीच्यांसाठी केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांची शिष्यवृत्ती आहे: १८ ते २५ वयोगट, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. गुरूंची फी आणि तबलजीचा खर्च त्यात बऱ्यापैकी निघतो. घरभाडं नाही.

आणि एक चौथी वाट मी कायम सांगते, आईबापांना तीच जास्त आवडते: पदवी घ्या आणि गाणंही चालू ठेवा. गायिका अश्विनी भिडे-देशपांडे यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं, जैवरसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतली, आणि गाणं घरातल्या तालमीत चालू ठेवलं. गायिका प्रभा अत्रे यांच्याकडे विज्ञान आणि कायदा या दोन्हींच्या पदव्या होत्या. अलंकार केलं, संगीतात डॉक्टरेट केली, पुढे एसएनडीटी महिला विद्यापीठात संगीत विभागप्रमुख झाल्या. उल्हासजी स्वतः नागपूर विद्यापीठात संगीत शिकले आणि मग राम मराठे, गजाननबुवा जोशी या गवयांकडे शिकायला गेले. म्हणजे ज्यांची नावं घेऊन 'पदवी कशाला' म्हणतात, त्यातल्या कित्येकांकडे पदव्या आहेत.

विद्यापीठच ठरलं असेल तर

पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र माझ्या मते पहिलं बघावं. नावातच 'गुरुकुल' आहे आणि शहरातल्या गुरूंकडे शिकण्याला तिथे अभ्यासक्रमात जागा आहे, म्हणजे वर मांडलेला पट्टीचा आणि घराण्याचा घोळ बराच कमी होतो. शिवाय नाटकवाले, नृत्यवाले त्याच आवारात. कोणाच्या तरी एकांकिकेला संगीत द्यायला बसवतात आणि त्यात मुलगी जे शिकते ते कुठल्याच पेपरात नसतं. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव पायाशी.

मुंबई विद्यापीठाच्या विभागाची सुरुवातीची वर्षं संगीतविचारक अशोक दा. रानड्यांनी घडवली. संगीताकडे विचार म्हणून बघण्याची ज्याला आवड आहे त्याला हा वारसा माहीत असावा. मुंबईत मैफली भरपूर, पण विरार-कल्याणहून येणाऱ्या मुलीचे चार तास लोकलमध्ये जातात आणि रियाज जातो तो याच चार तासांत. एसएनडीटी फक्त मुलींसाठी. एकाच पट्टीत सगळा वर्ग गातो, हा फायदा कोणी माहितीपुस्तकात लिहीत नाही.

महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल तर खैरागढ. छत्तीसगडमधल्या छोट्या गावात, राजघराण्यानं दिलेल्या वाड्यात १९५६ मध्ये सुरू झालेलं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय. तिथे दुसरं करण्यासारखं काही नाही, आणि रियाजाला हीच गोष्ट लागते. मैफली ऐकायला मात्र मिळत नाहीत. बडोद्याची परंपरा सयाजीरावांच्या काळातली, मौलाबक्षांच्या १८८६ च्या गायनशाळेपासूनची. बनारसला पलुस्करांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर यांनी संगीत महाविद्यालयाची घडी बसवली. तिथे आता सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तेव्हा तयारी जूनमध्ये नव्हे, आदल्या हिवाळ्यात.

नावांनी गोंधळू नका. कुठे एम.ए., कुठे एम.पी.ए., कुठे एम.एफ.ए. म्हणतात. पदवी दुसऱ्या विषयात आणि हातात विशारद असेल तर काही विद्यापीठं प्रवेश देतात, काही देत नाहीत. पात्रतेची ओळ नीट वाचा.

पैशांचं थोडक्यात. सरकारी विद्यापीठाची फी हा सगळ्यात छोटा आकडा. हॉस्टेल किंवा कॉट, खानावळ, आणि विद्यापीठाबाहेरच्या गुरूंची फी हा खरा खर्च, कारण ती फी बंद केली तर एम.ए.च्या दोन वर्षांत गाणं उतरतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. खासगी विद्यापीठाचा विचार असेल तर एवढंच विचारा: इतक्या पैशांत गुरूंकडे किती वर्षं शिकता येईल?

मला फोन करणाऱ्यांना मी आता असं सांगते. महाविद्यालयात शिकवायचंय, लिहायचंय, संशोधन करायचंय, तर एम.ए., आणि पहिल्या दिवसापासून नेटचा अभ्यास. मात्र हेही सांगते की पूर्णवेळ जागा क्वचित निघतात आणि तासिका तत्त्वावरचं मानधन कधी वर्षाअखेरीस एकदम येतं. क्लास चालवायचाय, गाव सोडायचं नाही, तर अलंकार. मंचावर गायचंय तर गुरू, आणि जोडीला पोटापाण्याचं काहीतरी, मग ते एम.ए. असो की बी.कॉम.

फॉर्म भरायच्या आधी एक दिवस त्या विभागात जाऊन बसा, शक्यतो मंगळवार-बुधवारी, कार्यक्रमाच्या दिवशी नव्हे. पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिकावाले किती ते विचारा. तबल्याला माणूस आहे की मोबाइल, ते बघा. तानपुरे गवसणीत आहेत की बाहेर काढून जुळवलेले आहेत, तेही. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना चहा पाजा आणि मागच्या सत्राचा निकाल कधी लागला ते विचारा. माझी गुणपत्रिका इतक्या उशिरा आली होती की तोवर एका शाळेतली ठरलेली जागा दुसऱ्या मुलीला देऊन झाली होती.