अल्माटीतला हिवाळी दिवस: कोक-तोबे की शिंबुलाक?

भारतीयांना कझाकस्तानात 14 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहण्याची मुभा 2022 साली मिळाली. दिल्लीहून थेट विमानाने अल्माटी तीन-साडेतीन तासांत गाठता येते. त्यामुळे बर्फ पाहायला निघालेली आमच्या परिचयातली बरीच कुटुंबे हल्ली तिकडे वळतात. चार-पाच दिवसांच्या सहलीतले एक-दोन दिवस चारिन दरी किंवा कोलसाई तलावांसाठी शहराबाहेर जातात, एक दिवस बाजारहाटात सरतो आणि उरलेल्या एका दिवसाचे काय करावे, हा प्रश्न माझ्याकडे येतो. केबल कारने शहरालगतच्या कोक-तोबे टेकडीवर जावे, की मेदेऊमार्गे शिंबुलाकच्या स्की-केंद्रापर्यंत चढावे? दोन्ही ठिकाणे एका दिवसात उरकणारे लोक आहेत; परंतु जानेवारीत तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि बरोबर वयस्कर माणूस व लहान मूल असेल तर अंगावर जाड कपड्यांचे तीन थर चढवून अशी धावपळ करण्यात फारसा अर्थ उरत नाही.

आम्ही जानेवारी 2025 मध्ये सहा दिवस अल्माटीत होतो: मी, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि एकाहत्तर वर्षांची आई. आमच्यापैकी कोणालाही स्कीइंग येत नाही आणि तिथे जाऊन ते शिकावे असा विचारही नव्हता. म्हणून पुढचे सारे विवेचन न घसरणाऱ्या, केवळ पाहायला आलेल्या माणसाचे आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

दोन्ही ठिकाणांची तुलना करण्यापूर्वी या शहराची ठेवण लक्षात घ्यावी लागते. अल्माटी हे उतारावर वसलेले शहर आहे. दक्षिणेला इले अलाताऊच्या रांगा भिंतीसारख्या उभ्या आहेत आणि शहर त्यांच्या पायथ्यापासून उत्तरेकडे उतरत जाते. तिथली माणसे पत्ता सांगताना दक्षिण-उत्तर म्हणत नाहीत, ‘वर’ आणि ‘खाली’ म्हणतात. वर म्हणजे डोंगराकडे. रस्त्यांच्या कडेने पाटासारखे उघडे कालवे आहेत, त्यांना ‘आरिक’ म्हणतात, आणि डोंगरातले पाणी उन्हाळ्यात त्यांतून शहरभर खेळते. कोक-तोबे आणि शिंबुलाक ही दोन्ही ठिकाणे ‘वर’च आहेत, फरक आहे तो किती वर, याचा, आणि माझ्या मते सगळा निकाल या फरकातच दडलेला आहे.

कोक-तोबे, म्हणजे हिरवी टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंच आहे. तिथे जाणारी केबल कार 1967 सालापासून चालते आणि तिचे खालचे स्थानक दोस्तिक मार्गावर, रिपब्लिक पॅलेसच्या शेजारी, म्हणजे अगदी भर शहरात आहे. हा प्रवास मला मनापासून आवडला. डबा घरांच्या छपरांवरून सरकत जातो, खाली कोणाच्या परसातली निष्पर्ण सफरचंदाची झाडे, कोणाचे रचून ठेवलेले सरपण, बर्फात उमटलेली कुत्र्याच्या पावलांची रांग असे सगळे दिसते. वर पोहोचल्यावर आकाशपाळणा आहे, रुळांवरून घरंगळणारी गाडी आहे, लहानसे प्राणिसंग्रहालय आहे, बीटल्सचा 2007 सालचा पुतळा आहे. मुलीचे दोन तास तिथे आनंदात गेले, आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन जाणाऱ्याने ही बाब हलकी मानू नये. आईलाही फार चालावे लागले नाही.

परंतु कोक-तोबेवर जाण्याचे मुख्य कारण म्हणजे तिथून दिसणारे शहर, आणि माझी अडचण नेमकी तिथेच झाली. आम्ही दुपारी दोनच्या सुमारास कठड्यापाशी उभे राहिलो. आकाशात ढग नव्हता, ऊन होते, आणि तरीही खाली शहर नव्हते. जवळची चार-दोन छपरे, त्यापलीकडे उंच इमारतींच्या पुसट कडा आणि मग सर्वत्र एक करडा-तपकिरी पडदा. कझाकस्तान हॉटेलची सव्वीस मजली इमारत, जिच्या माथ्यावरचा सोनेरी मुकुट शहराची खूण मानला जातो, ती खालच्या स्थानकापासून हाकेच्या अंतरावर आहे. वरून मात्र तो मुकुट मला शोधून काढावा लागला. ‘‘बाबा, शहर कुठे गेलं?’’ असे मुलीने विचारले. घशात बारीक खवखव होत होती आणि आईने न सांगता शालीचे टोक नाकाशी धरले होते.

हे धुके नसून धुरके होते. अल्माटीच्या हिवाळ्यात ते नित्याचे आहे आणि त्यामागे शहराची तीच ठेवण आहे. डोंगराच्या कुशीत वारा फार कमी वाहतो. थंड, जड हवा तळाशी साचते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. एरवी वर जाताना हवा थंड होत जाते; इथे हिवाळ्यात काही उंचीपर्यंत नेमके उलटे घडते, म्हणून खालचा धूर वर निघून जाऊ शकत नाही. शहर तापवण्यासाठी जळणारा कोळसा, घराघरांतल्या भट्ट्या आणि वाहने यांचा सारा धूर या झाकणाखाली दिवसेंदिवस अडकून राहतो. पुण्या-मुंबईतही हिवाळी सकाळी अशी काजळलेली हवा आपण पाहतो, पण उन्हे वर आली की ती बरीचशी विरते. अल्माटीत ती दुपारी दोन वाजताही जागची हलली नव्हती. कोक-तोबेची उंची अशी आहे की पुष्कळदा ती या थरातच, किंवा जेमतेम त्याच्या काठावर राहते. म्हणजे शहर पाहण्यासाठी जी जागा निवडायची, तीच शहराच्या धुरात बुडालेली असते. माझ्या परिचितांचा मुलगा तिथे वैद्यकीय शिक्षण घेतो. त्याने फोनवर शांतपणे सांगितले की, हिवाळ्यात कोक-तोबेला वारा सुटल्यानंतर किंवा बर्फ पडून गेल्यानंतरच जायचे असते. हे आम्हाला आदल्या दिवशी कळले असते तर बरे झाले असते.

आम्ही दुसऱ्याही दिवशी, रात्री, कोक-तोबेला जाऊन पाहिले, कारण एका भेटीवरून मत बनवणे मला योग्य वाटेना. रात्री दिवे दिसले, आणि ते सुंदर होते हे मान्य करायला हवे. करड्या पडद्यातून येणारा पिवळसर उजेड दूरवर पसरला होता, आणि टेकडीच्या अंगावर उभा असलेला 371.5 मीटर उंचीचा दूरचित्रवाणी मनोरा रंगीत दिव्यांनी उजळला होता. मात्र घशातली खवखव तशीच होती.

शिंबुलाकला आम्ही चौथ्या दिवशी गेलो. कझाकस्तान हॉटेलसमोरून 12 क्रमांकाची बस मेदेऊला जाते, आणि टॅक्सी सहज मिळत असली तरी मी बसच सुचवेन. रस्ता लहान अल्माटी नदीच्या घळीतून चढत जातो, आणि वाटेतल्या कुठल्याशा वळणावर, म्हणजे मेदेऊ येण्याच्याही आधी, बसमधला उजेडच बदलला. करडेपणा मागे पडला, आकाश एकदम निळे झाले आणि देवदारासारख्या सुचिपर्णी झाडांवरचा बर्फ इतका लख्ख चमकू लागला की आईने डोळ्यांवर हात धरला. माझ्याजवळ हवा मोजण्याचे कोणतेही यंत्र नव्हते. मेदेऊला उतरल्यावर आईने शाल नाकावरून खाली घेतली, एवढीच काय ती माझी मोजणी.

मेदेऊची स्केटिंगची धावपट्टी 1,691 मीटरवर आहे. आपल्या कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वोच्च जागेपेक्षाही उंचावर 10,500 चौरस मीटर बर्फ अंथरलेला आहे आणि त्यावर शाळकरी मुले गिरक्या घेत आहेत, हे दृश्य नुसते उभे राहून पाहण्यासारखे आहे. पातळ हवा आणि डोंगरातल्या पाण्याचा बर्फ यांमुळे इथे वेगाचे दोनशेहून अधिक जागतिक विक्रम झाले. धावपट्टीच्या वरच्या अंगाला जो प्रचंड बांध दिसतो, तो बहुतेक प्रवासी केवळ 842 पायऱ्यांचा व्यायाम म्हणून ओळखतात. तो 1966 आणि 1967 साली नियंत्रित स्फोटांनी डोंगराचे कडे पाडून उभारला गेला आणि 15 जुलै 1973 रोजी वरून आलेला चिखल-दगडांचा महाभयंकर लोंढा त्यानेच अडवला. तो नसता तर खालच्या शहराचे काय झाले असते, हे गोंडोलातून, म्हणजे मेदेऊहून वर जाणाऱ्या केबल कारमधून, त्या घळीकडे पाहताना समजते. पायऱ्या मी एकट्याने चढलो. आईसाठी त्या नाहीत, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तो मोह टाळलेला बरा.

मेदेऊहून शिंबुलाकपर्यंतचा गोंडोला 2011 च्या आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने झाला. साडेचार किलोमीटरचा हा प्रवास धावपट्टीवरून, बांधावरून आणि झाडांच्या शेंड्यांवरून 2,260 मीटरपर्यंत नेतो. तिथून पुढे आणखी दोन टप्पे आहेत आणि शेवटचा टप्पा तालगार खिंडीत, सुमारे 3,200 मीटरवर संपतो. मी आणि मुलगी तिथवर गेलो. खिंडीतून मागे वळून पाहिल्यावर जे दिसले, त्यासाठी मी पुन्हा जाईन: डोंगर उन्हात न्हालेले, आणि दूर खाली, जिथे शहर असायला हवे तिथे, एक सपाट तपकिरी चादर, जिची वरची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. आधीचे तीन दिवस आम्ही त्या चादरीच्या आत राहिलो होतो. कोक-तोबेवर जे समजले नव्हते ते इथे एका नजरेत समजले, आणि मुलीला तिच्या प्रश्नाचे उत्तर दाखवता आले.

शिंबुलाकच्या बाजूने इतके सांगितल्यावर त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. खिंडीत दम लागतो; मला पन्नास पावलांनंतर थांबावे लागले, आणि मुलीचे डोके दुखू लागल्याने आम्ही वीस मिनिटांत परतलो. आईने आणि पत्नीने 2,260 मीटरवरच थांबून उन्हात बसणे पसंत केले, आणि दोघींचा दिवस आमच्यापेक्षा चांगला गेला, असे मला प्रामाणिकपणे वाटते. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वरचे टप्पे गाठू नयेत. वारा वाढला की असे वरचे टप्पे बंद ठेवले जातात, त्यामुळे खिंडीचे तिकीट काढण्यापूर्वी चौकशी करावी. शनिवार-रविवारी स्थानिक कुटुंबे आणि स्की घेतलेली तरुण मंडळी एकदमच येतात, तेव्हा मधला एखादा वार निवडावा. चौघांचा खर्च आम्हाला कोक-तोबेपेक्षा बराच अधिक आला. काळा चष्मा नसेल तर उन्हात परावर्तित होणारा बर्फ डोळ्यांना सोसत नाही; आईसाठी तो आम्ही नेला नव्हता, ही चूक झाली.

शिंबुलाकची निवड सर्वांसाठीच योग्य ठरेल, असा माझा आग्रह नाही. एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्यांसाठी धुरक्याचा हा मुद्दा बराचसा गैरलागू आहे. तेव्हा भट्ट्या बंद असतात, हवा वाहती असते आणि टेकडीवरची संध्याकाळ फार सुखाची असावी, असे मला वाटते. ज्यांना केवळ अर्धा दिवस मिळतो, त्यांच्यासाठीही कोक-तोबे सोयीचे आहे, कारण त्याला शहरातल्या इतर गोष्टी सहज जोडता येतात. पानफिलोव बागेतले 1907 साली पूर्ण झालेले लाकडी कॅथेड्रल, जे 1911 च्या मोठ्या भूकंपातही उभे राहिले, अवश्य पाहावे. त्याच बागेतल्या, कॅथेड्रल उभारणारे अभियंता आंद्रेई झेंकोव यांनीच उभारलेल्या दुसऱ्या लाकडी इमारतीत कझाक वाद्यांचे संग्रहालय आहे. जवळच्या हिरव्या बाजारात सुकामेवा चाखत एक तास सहज जातो, आणि तिथे भोपळ्याचे सारण भरलेला सामसा मिळाला, तर शाकाहारी माणसाची दुपारही भागते. बागेसमोरच 1982 सालची आरासान स्नानगृहे आहेत. दिवसभर थंडीत फिरल्यावर तिथल्या वाफेत बसणे ही चैन नसून औषध आहे, असे आईचे मत पडले. हा सगळा दिवस उत्तम होतो, आणि त्यात टेकडी नसली तरीही तो उत्तमच राहतो, हेही नमूद करतो.

निर्णय सकाळी उठल्यावर घेता येतो, आणि त्यासाठी कोणतेही ॲप लागत नाही. खोलीच्या खिडकीतून किंवा रस्त्यावर येऊन डोंगराच्या दिशेला पाहावे. कोक-तोबेवरचा मनोरा टोकापासून पायथ्यापर्यंत स्पष्ट दिसत असेल आणि त्यामागे बर्फाच्छादित रांगांच्या घड्या मोजता येत असतील, तर टेकडीवर जाऊन शहर पाहायला हरकत नाही. मनोऱ्याचा खालचा भाग करड्यात विरघळलेला असेल तर 12 क्रमांकाची बस पकडावी.

आमच्या शेवटच्या दिवशी, रात्री बर्फ पडून गेल्यामुळे, मनोरा धुतल्यासारखा स्वच्छ दिसत होता. नियमाप्रमाणे तो कोक-तोबेचा दिवस होता आणि मी तसे म्हणालोही. आई बूट चढवत होती. ‘‘अरे, तिथं दोनदा झालं की,’’ ती म्हणाली, ‘‘त्या वरच्या उन्हात नेतोस का पुन्हा?’’ आम्ही बसथांब्याकडे निघालो, आणि या वेळी तिचा काळा चष्मा मी आधी विकत घेतला.