मुलाची स्लीप स्टडी: घरी करावी की दवाखान्यात?

मूल रोज घोरतंय, तोंड उघडं टाकून झोपतंय, मध्येच श्वास अडकून दचकतंय आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत श्वास कसा चालतो याची रात्रभराची तपासणी, लिहून दिली आहे, अशा घरांसाठी हे लिहितोय. खानापूर, निपाणी, अथणीकडच्या आई-बापांपुढे दोन वाटा असतात. यंत्र भाड्यानं आणून रात्रभर घरीच लावायचं, नाहीतर बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, मिरज यांपैकी सोयीच्या गावी एक रात्र काढायची. आम्ही मुलासाठी दोन्ही करून पाहिलं.

घरच्या तपासणीची बाजू लंगडी नाही. खर्च कमी, प्रवास नाही, पोरगं आजीच्या शेजारी नेहमीच्या अंथरुणात झोपतं. शिवाय सर्दी असताना ही तपासणी करू नये, नाक चोंदलेलं असलं की श्वास एरवीपेक्षा जास्त अडतो. आमच्या खानापूरच्या पावसात जून ते सप्टेंबर मुलाचं नाक मोकळं असलेली रात्र हेरावी लागते. घरचं यंत्र असेल तर दोन दिवस पुढं ढकलणं सोपं जातं. दवाखान्याची तारीख एकदा हुकली की पुन्हा रांगेत.

माझं मन फिरलं ते पहाटेमुळे. मुलगा झोपेत लोळतो. मध्यरात्रीनंतर कधीतरी नाकातली नळी गालावर आली आणि ऑक्सिजन मोजणारा बोटाचा चिमटा पांघरुणात गेला. यंत्र आपलं चालूच. रिपोर्ट आला, त्यावर छापलेलं: नॉर्मल. आलेखाची पानं उलटली तर पहाटेचा सगळा भाग कोरा. जेवढं नोंदलं गेलं, तेवढ्यावरच निकाल काढलेला. पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा तेच. आता, स्वप्नं पडतात ती रेम झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. त्या झोपेत स्नायू सैल पडतात आणि मुलांचे श्वास मुख्यतः तेव्हाच अडतात. आमच्याकडेही आईला जाग यायची ती पहाटेच्याच घोरण्यानं. ज्या वेळेसाठी एवढा खटाटोप, नेमकी तीच वेळ कागदावर नाही, हे मला फार लागलं.

दवाखान्यात नळी निसटली तर रात्रभर जागा असलेला तंत्रज्ञ येऊन हलकेच परत लावतो. माझ्या दृष्टीनं निकाल इथंच लागला.

तिथलाही त्रास आहेच. डोक्याला वायरी चिकटवायच्या म्हणून त्या दिवशी केस धुवून न्यायचे, तेल अजिबात नाही. हे आजीला पटवणं सोपं नव्हतं. छातीला आणि पोटाला पट्टे, समोर कॅमेरा. मूल उशिरा झोपतं, कधी रडतं. पण शेजारच्या खाटेवर आई किंवा बाप असतो, आणि थकलं की झोपतंच.

डोक्याच्या त्या वायरींमुळेच मूल खरोखर कधी झोपलं आणि श्वास अडल्यानं कधी अर्धवट जागं झालं, ते कळतं. घरच्या साध्या यंत्राला हे दिसत नाही. जागेपणीचे तासही ते हिशेबात धरतं आणि तासाला किती वेळा श्वास अडला हा आकडा कमी दिसतो. मुलांमध्ये हा आकडा फार बारीक असतो. मोठ्यांत तासाला ५ पेक्षा कमी वेळा श्वास अडला तर चालवून घेतात, मुलांत १ च्या पुढं गेलं की दखल घेतात. मोठ्यांच्या नियमानं श्वास किमान १० सेकंद थांबावा लागतो. मुलांत दोन श्वासांचा वेळ पुरतो. मिनिटाला २० श्वास घेणाऱ्या मुलात तो ६ सेकंदांचा होतो. मोठ्यांचे नियम लावून यंत्रानंच मोजलं, तर असे श्वास गणतीत येतच नाहीत. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिननंही २०१७ मध्ये मुलांसाठी घरच्या तपासणीची शिफारस करत नाही असंच म्हटलं.

आकडा नीट हवा, कारण पुढचा निर्णय त्यावर बेततो. अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या मुलांवर केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. टॉन्सिल आणि अडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) काढलेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोप-तपासणी ७ महिन्यांनी सामान्य आली. नुसती वाट पाहिलेल्यांतही ४६ टक्क्यांची आली. त्रास सौम्य असेल तर थांबायला जागा आहे, जास्त असेल तर ऑपरेशन लांबवू नये.

तरी घरचं यंत्र अगदीच निरुपयोगी म्हणणार नाही. टॉन्सिल मोठे आहेत, मूल तसं धडधाकट आहे आणि रात्रभराच्या नोंदीत ऑक्सिजन पुन्हा पुन्हा उतरलेला स्पष्ट दिसतो, तर डॉक्टरांना तेवढंही पुरू शकतं. नॉर्मल रिपोर्टवर मात्र मी विसंबणार नाही, कारण मुलांत ऑक्सिजन फारसा न उतरताही श्वास अडतो. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल, फार जाड असेल, किंवा डाऊन सिंड्रोम वा स्नायूंचा आजार असेल, तर सरळ दवाखान्यातलीच करावी असं मला वाटतं.

तारीख घेण्याआधी फोनवर विचारून घ्या: लहान मुलांची स्टडी नेहमी करता का, लहान मापाचे पट्टे आहेत का, कार्बन डायऑक्साइड मोजता का, आणि रिपोर्ट मुलांच्या नियमांनी कोण वाचतं. बेळगावात जमत नसेल तर कोल्हापूर-मिरजेला विचारा. एका रात्रीसाठी तेवढा प्रवास मला तरी जास्त वाटला नाही.