क्लचनंतरची थरथर: बॉक्स पुन्हा उतरवायचा की आधी शाफ्ट?

जुन्या ऑम्नीला नवा क्लच टाकला. पेडल हलकं झालं, गिअर अलगद पडायला लागले, आणि साठच्या पुढे गेलं की सीटखालून अशी थरथर की आतल्या आरशात मागचा ट्रक दोन दिसायचा. अशा वेळी दोन वाटा असतात: क्लच बघायला गिअरबॉक्स पुन्हा खाली घ्या, नाहीतर आधी प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जोर नेणारा लांब दांडा, बघा.

मेस्त्री पहिल्या वाटेचा, आणि तो अगदीच चुकीचा होता असं नाही. गाडी उभ्या-उभ्या न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावर थरथरत असेल, तर शाफ्टचा संबंधच नाही. तो फिरतच नसतो. तेव्हा आधी माउंटिंग, म्हणजे इंजिनचे रबरी आधार, बघा; तिथे काही नसेल तर क्लच प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट तिरकी बसली असेल. पहिल्या गिअरला धक्के देत उचलत असेल तर क्लच प्लेटला ऑइल लागलेलं असू शकतं. हे बॉक्स उतरवल्याशिवाय दिसत नाही.

माझी गाडी मात्र उभ्याने शांत होती. मोकळ्या रस्त्यावर साठला न्यूट्रल करून बघितली. इंजिनचा आवाज उतरला, थरथर तशीच. गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू गेली. टायरही असं करतात, पण त्यांना कोणी हात लावला नव्हता.

तरी मी बॉक्स उतरवू दिला. मला खरा वैताग आला तो इथे: बरोबर की चूक, हे सगळं परत जोडून गाडी रस्त्यावर नेल्यावरच कळतं. दोन दिवस गेले, पुन्हा लेबर, आणि मेस्त्री सांगतो, "प्लेट तर नवीकोरी आहे, साहेब." अहो, पैसे मीच दिले होते! शिवाय चढवताना बॉक्सचं वजन क्लच प्लेटवर लटकलं तर ती वाकते, म्हणजे नसलेला दोष पदरात.

शाफ्टचं काम अर्ध्या तासाचं निघालं. चाकांना दगड लावले, मागच्या फ्लँजचे, म्हणजे शाफ्ट जिथे जोडतात त्या चकतीचे, बोल्ट काढले, क्रॉसमध्ये (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यात) खेळ आहे का ते हाताने हलवून बघितलं, शाफ्ट अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळला. क्लचच्या वेळी खूण न करताच काढला होता, मूळ जागेपासून अर्धा फेरा फिरून बसला असणार. लगेच चक्कर मारली. ऐंशीला थोडी गुणगुण अजून येते, पण आरशात ट्रक एकच दिसतो.

तुमच्या गाडीचं वेगळं असू शकेल. मी फ्लँजवर पांढऱ्या ऑइलपेंटची रेघ मारून ठेवली आहे, आणि पुढच्या क्लचच्या वेळी गॅरेजमध्ये स्वतः उभा राहणार आहे.