युनिप्रॉट, स्ट्रिंग आणि रिअ‍ॅक्टोम : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीत एम.एस्सी. जीवरसायनशास्त्राच्या वर्गाला पेशीतील संदेशवहन शिकवताना गेले आठ महिने मी युनिप्रॉट हा प्रथिनांच्या माहितीचा ऑनलाइन संग्रह जवळजवळ रोज उघडते, आणि त्याच्या जोडीला स्ट्रिंग (प्रथिनांमधील संबंधांचे जाळे) व रिअ‍ॅक्टोम (पेशीतील अभिक्रियांचे मार्ग) वापरते. तिन्ही विनामूल्य आहेत, नावनोंदणीचीही अट नाही. नियतकालिकांची वर्गणी न परवडणाऱ्या विभागाला ही सोय किती मोलाची आहे, हे वेगळे सांगायला नको.

युनिप्रॉटमधील स्विस-प्रॉट हा भाग १९८६ साली आमॉस बायरोक यांनी सुरू केला. त्यातील साडेपाच लाखांहून अधिक नोंदी तज्ज्ञांनी शोधनिबंध वाचून तपासलेल्या आहेत, तर ट्रेम्बल या दुसऱ्या भागातील कोट्यवधी नोंदी संगणकाने भरलेल्या आहेत. विधानाशेजारी त्याचा आधारही दिलेला असतो : प्रत्यक्ष प्रयोग, की केवळ दुसऱ्या प्रथिनाशी असलेले साम्य. मला सर्वांत भावलेली गोष्ट हीच.

मात्र खरी कसोटी लागते ती प्रथिनाच्या साखळीतील अमिनो आम्लांच्या क्रमांकांत. ईजीएफआर या, पेशीला वाढीचा संदेश देणाऱ्या रिसेप्टरवरील 'टायरोसिन १०६८' (१०६८ व्या स्थानावरचे टायरोसिन हे अमिनो आम्ल) एका विद्यार्थिनीने शोधनिबंधात वाचले आणि ते युनिप्रॉटच्या पी००५३३ या नोंदीत शोधले, तेव्हा तेथे १०६८ व्या स्थानी टायरोसिन नव्हते, १०६९ व्या स्थानी होते. एका अंकाची चूक असेल असे मानून तिने तेच धरले. वास्तविक युनिप्रॉट सुरुवातीचे २४ अमिनो आम्लांचे संकेत-पेप्टाइडही (प्रथिन तयार होताना कापला जाणारा तुकडा) मोजते, जुने निबंध ते वगळून मोजतात. म्हणून तिला हवे असलेले स्थान तेथे १०९२ आहे. १०६९ म्हणजे जुने १०४५, जेथे सीबीएल हे प्रथिन बसते आणि रिसेप्टरला विघटनाकडे नेते. ग्रब२ हे प्रथिन जोडून वाढीचा संदेश पुढे पाठवणाऱ्या जागेऐवजी तिच्या आकृतीत नेमकी उलट कामाची जागा आली होती. त्यातच कर्करोगात दिसणारा एल८५८आर (८५८ व्या स्थानी ल्युसिनऐवजी आर्जिनिन) हा बदल मात्र संपूर्ण साखळी मोजूनच सांगितला जातो, त्यामुळे एकाच प्रथिनाबाबत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात.

नावांचेही तसेच, एकाच प्रथिनाला दोन नावे आणि त्यांतील अंक जुळत नाहीत : ईआरके१ म्हणजे मॅपके३ आणि ईआरके२ म्हणजे मॅपके१.

स्ट्रिंगबाबत अधिक सावध राहावे लागते. आमच्याकडे हळदीवरचे प्रकल्प दरवर्षी असतात, आणि त्यासाठी एनएफ-कप्पाबी या, दाहाशी संबंधित जनुके चालू करणाऱ्या प्रथिनाभोवतीचे जाळे काढले की मुले प्रत्येक रेषेला 'ही दोन प्रथिने एकमेकांना चिकटतात' असे समजतात. स्ट्रिंगची मूळ मांडणी कार्यात्मक संबंध दाखवते, आणि दोन नावे निबंधांत वारंवार एकत्र आली तरी त्या रेषेला विश्वासार्हतेचे गुण मिळतात. प्रत्यक्ष जुळणीचे जाळे वेगळे निवडून, गुणांची मर्यादा ०.४ वरून ०.९ वर नेली, की पुष्कळशा रेषा गळतात. कोणी कोणाला चालू किंवा बंद करते हे पाहायचे असेल, तर रिअ‍ॅक्टोममधील पायरीवार अभिक्रियाच उघडाव्यात.

युनिप्रॉटची आवृत्ती साधारण आठ आठवड्यांनी बदलते, म्हणून प्रकल्पवहीत प्रथिनाच्या नावासोबत नोंद क्रमांक, आवृत्ती आणि क्रमांकन संकेत-पेप्टाइडसह आहे की त्याविना, या तीन गोष्टी लिहिल्याशिवाय मी आता आकृती तपासायला घेत नाही.