सात सुरांच्या एका वाक्यावर उभी राहिलेली पणजीतील जॅझ कार्यशाळा

पणजीच्या मळा भागातील एका जुन्या घराच्या दिवाणखान्यात शनिवारी-रविवारी भरणाऱ्या जॅझ कार्यशाळेची मी मनापासून शिफारस करते, आणि ती विशेषतः पेटी, व्हायोलिन किंवा बासरी वाजवणाऱ्या, रागसंगीताच्या तालमीत वाढलेल्या मंडळींसाठी करते. जगभरचे वादक ज्याला नुसते ‘द लिक’ म्हणतात, ते सात सुरांचे स्वरवाक्य घेऊन शिक्षक आरंभ करतात आणि शेवटपर्यंत त्याला सोडत नाहीत.

पेटीची पांढरी दोन, म्हणजे पाश्चात्त्य ‘डी’, हिला षड्ज मानले, तर ते वाक्य असे आहे: सा, रे, कोमल ग, म, रे, मंद्र सप्तकातील कोमल नि आणि पुन्हा सा. पेटीवर एकही काळी पट्टी लागत नाही. चर्चच्या शाळेत सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकलेले सहाध्यायी तेच ‘रे मी फा सोल मी दो रे’ असे म्हणत होते. धैवत त्यात येतच नसल्यामुळे थाट, म्हणजे रागाचा मूळ स्वरसंच, काफी की आसावरी, हे एवढ्यावरून ठरत नाही. आपल्याकडे पकड, म्हणजे रागाची खूण असलेला स्वरसमूह, ऐकताच राग ओळखू येतो; या वाक्यावर कोणत्याही एका चिजेची मुद्रा नाही, आणि म्हणूनच ते कुठेही सहज शिरते, असे मला वाटते. रशियन संगीतकार स्त्राविन्स्कीच्या १९१० मधील ‘फायरबर्ड’ या बॅलेत ते सापडते, ‘प्लेअर’ या बँडच्या १९७७ मधील ‘बेबी कम बॅक’ या पॉप गाण्यातही सापडते. २०११ मध्ये ॲलेक्स हाइटलिंगर यांनी निरनिराळ्या वादकांच्या वादनातील असे तुकडे एकत्र जोडून एक चित्रफीत प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून हे वाक्य वादकांमध्ये थट्टेचा विषय झाले आहे. आमच्या शिक्षकांनी मात्र ती थट्टा बाजूला ठेवली, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

कार्यशाळेचा सर्वांत मोलाचा भाग कॉर्डचा, म्हणजे एकदम वाजवलेल्या सुरांच्या गटाचा, होता. शिक्षक पियानोवर आधी डी मायनर सेव्हन आणि मग जी सेव्हन या कॉर्ड धरतात, आणि प्रत्येकाला दोन्हींवर तेच सात सूर वाजवायला लावतात. पहिल्या कॉर्डच्या मूळ स्वरापासून मोजले, तर वाक्य षड्जावरून निघून षड्जावर थांबते. दुसरीच्या मूळ स्वरापासून मोजले, तर तेच वाक्य पंचमावरून निघून पंचमावर विसावते, आणि मधला कोमल गंधार कोमल निषाद होऊन बसतो. तानपुऱ्याचा अचल षड्ज कानात घेऊन वाढलेल्या माणसाला, बोट त्याच पट्टीवर असताना सुराचे नाते बदलते, हा अनुभव पुस्तक वाचून येणार नाही. हे ऐकताना, हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांच्यासारखे गोमंतकीय कलावंत मुंबईतील जॅझ बँड आणि सी. रामचंद्र यांचे चित्रपटसंगीत या दोन्हींत इतक्या सहजतेने कसे वावरले असतील, याचाही थोडा अंदाज येतो.

लयीचा भाग मात्र घाईत उरकला जातो. अर्ध्या मात्रेच्या दोन सुरांपैकी पहिला लांबवायचा आणि दुसरा आखडता घ्यायचा, ही स्विंगची चाल साधल्याशिवाय हे वाक्य अलंकाराच्या पलट्यासारखे कोरडे वाजते, आणि ती चाल बसवण्यासाठी ड्रमवादक हवा. येथे मेट्रोनोमवर, म्हणजे ठोके देणाऱ्या यंत्रावर, भागवले जाते. सहभागींना मिळणाऱ्या टिपणांत केवळ स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, असते, त्यामुळे फोंडा-म्हार्दोळकडून येणाऱ्या भजनी परंपरेतील वादकांचा बराच वेळ सूर लिहून घेण्यात जातो.

दिवाणखाना लहान असल्याने वाद्याची पेटी ठेवायलाही जागा अपुरी पडते. शिकवणे इंग्रजी आणि कोंकणीत चालते. मराठीत विचारलेल्या प्रश्नांनाही न कंटाळता उत्तरे मिळतात. नवशिक्यांनी आधी निदान बारा स्वरांची ओळख पक्की करून जावे. आयोजकांना माझी एकच विनंती आहे की, पुढच्या वेळी रविवारची सकाळ पूर्णपणे लयीसाठी ठेवावी आणि टिपणांत स्टाफ नोटेशनखाली सरगमही छापावी.