तयार आणायचं, वेल्डरला सांगायचं की प्रिंट काढायचं?

घरात कुणाचे गुडघे गेले किंवा लकव्यानंतर एक हात साथ देईनासा झाला, की नागपुरात तीन वाटा दिसतात. धंतोली-मेडिकल चौकाकडच्या सर्जिकल दुकानातून आधाराच्या, मदतीच्या तयार वस्तू आणणं, इतवारीच्या लोहाओळीतून पाइप घेऊन वेल्डरकडून करून घेणं, नाहीतर थ्रीडी प्रिंट. माझं मत आधीच सांगून टाकते: ज्यावर अंगाचा भार पडतो ते स्टीलचं आणि भिंतीत पक्कं हवं, जे नुसतं हातात धरायचं, ते घरी करून पाहायला हरकत नाही.

बाथरूममध्ये टाइलला रबरी कपांनी चिकटवायचं व्हॅक्यूमचं हँडल फार मोहात पाडतं, कारण भिंतीला भोक पाडावं लागत नाही. पण टाइल खरबरीत असली किंवा कप सांध्यावर बसला, की हवा शिरते आणि सगळं वजन टाकलं की नेमकं तेव्हाच हँडल हातात येतं. मी ते घेणार नाही. भिंतीत बसवायचा वेल्डरकडचा आधाराचा दांडा बरा, पण साधं लोखंड ओलाव्यात गंजतं. 304 ग्रेडचं स्टील मागा. पाइप 32 मिलिमीटरच्या आसपास जाड आणि भिंतीपासून 4 सेंटीमीटर सुटा असला की मूठ नीट बसते. जागा मात्र वेल्डरला ठरवू देऊ नका. ज्यांच्यासाठी करायचं त्यांना कमोडवर बसवा आणि हात सहज पोचेल तिथे खडूने खूण करा. आत जाताना उजवीकडे असलेला दांडा बाहेर येताना डावीकडे येतो, म्हणून एकच हात चालत असेल तर दोन दांडे लागतात. हे हटकून विसरलं जातं.

महालातल्या जुन्या घरांच्या माती-विटांच्या भिंतीत फास्टनर (दांडा पक्का करायचे बोल्ट) धरत नाही. तिथे कमोड-खुर्ची घ्या, तीही तयारच. साधा कमोड 40 सेंटीमीटरच्या आसपास उंच असतो; गुडघे दुखणाऱ्याला 45 ते 48 सोयीचं पडतं आणि खुर्चीचे पाय कमी-जास्त करता येतात. वय 65 झालं असेल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल, तर 2024 साली आलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अशा वस्तूंसाठी एकदाच 3,000 रुपये खात्यात मिळतात.

स्वयंपाकघरात हिशेब उलटतो. विळीवर चिरायचं म्हणजे खाली बसणं, पायाने पाट दाबणं आणि वर दोन्ही हात. त्यापेक्षा जाड फळीत खालून स्टीलचे दोन खिळे ठोकून टोकं वर काढायची. त्यात आलू खोचला की एका हाताने चिरता येतो. फळीखाली ओलं फडकं, म्हणजे ती सरकत नाही. हे सुतार बसल्या जागी करून देतो. चमच्याची मूठ जाड करायची तर एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम कापून घाला.

मग प्रिंट कशाला? बाटलीचं झाकण फिरवायची मूठ, किल्लीचा रुंद दांडा अशा गोष्टी हाताच्या मापाच्या बाजारात मिळत नाहीत. तिथे प्रिंटला तोड नाही. पण नेहमीचं पीएलए प्लास्टिक 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि आपल्याकडे मे महिन्यात बंद कारमध्ये किंवा पत्र्याखाली तेवढं तापायला वेळ लागत नाही. पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये काढून मागा, ते जवळपास 80 पर्यंत टिकतं. थरांच्या खाचांत खरकटं अडकतं, म्हणून जेवणाला लागणाऱ्या वस्तू प्रिंट करू नका.

आणि कूलर! बादल्या उचलून टाकी भरणं हे उन्हाळ्यातलं सगळ्यात धोक्याचं काम, तरी या यादीत ते कुणी धरत नाही. नळापासून पाइप आणि टाकीत बॉलकॉक (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा तरंगता नळ), प्लंबरचं थोडक्यात होणारं काम आहे. बाथरूमच्या दांड्याबरोबरच उरकून घ्या.